कुत्र्याला जंताची गोळी दिली म्हणजे झालं? या चुका टाळा

दर पावसाळ्यात मला तोच फोन येतो. "अगं गेल्याच महिन्यात गोळी दिली होती, परत जंत कसे?" मी डॉक्टर नाहीये, पुण्यात रस्त्यावरची पिल्लं सांभाळून लोकांच्या घरी देते, त्यामुळे शी बघण्यात आयुष्य चाललंय. तर बाबांनो, जंताची गोळी म्हणजे लस नाही. आज पोटात जे मोठे जंत आहेत ते जातात, उद्या बागेत काही चाटलं की पहिले पाढे पंचावन्न.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे पिसवांकडे न बघता गोळ्या बदलत बसणं. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका काकांचा लॅब्रेडॉर, त्याच्या शेपटीखाली तांदळासारखे दाणे, वळवळणारे. दोन महिन्यांत तीनदा गोळी झाली, ब्रँड बदलला, बिस्किटं बंद केली (गोड खाल्लं की जंत होतात म्हणे!). मी गेले, कंबरेजवळचे केस उलटे केले तर काळी पूड. ती ओल्या टिश्यूवर टेकवली तर लालसर डाग, म्हणजे पिसवांची विष्ठा, पचलेलं रक्त. ते दाणे म्हणजे टेपवर्म या लांब चपट्या जंताचे तुकडे. त्याची अंडी पिसवांच्या अळ्या खातात, कुत्रा खाजवताना पिसू गिळतो आणि तीनेक आठवड्यांत दाणे परत हजर. गोळी काम करत होती हो, पिसवा रोज नवा माल पोचवत होत्या! मग मानेवर दर महिन्याला पिसवांचं औषध, अंथरूण गरम पाण्यात, सोफ्याखाली व्हॅक्यूम, असं सलग तीन महिने. काकांना पंधरा दिवसांत रिझल्ट हवा होता. फटीतले कोष इतक्या लवकर संपत नाहीत, त्याला मी काय करू?

दुसरी चूक, शी न उचलणं. "राहू दे, पाऊस धुऊन नेईल." नेत नाही, पसरवतो. राउंडवर्मची (गोल, लांब जंत) अंडी ताज्या शीमध्ये असतात तेव्हा धोकादायक नसतात, मातीत साधारण दोन ते चार आठवडे पडली की मग होतात आणि पुढे काही वर्षंसुद्धा टिकतात. त्यामुळे त्याच दिवशी उचललं तर विषय संपला. माती तोंडात घालणाऱ्या पोरांच्या पोटात ती गेली तर अळ्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात जातात. फिनेल ओतून अंडी मरत नाहीत, सॅनिटायझरनेही नाही, हात साबणानेच चोळून धुवायचे.

हूकवर्म, म्हणजे आकड्यासारख्या तोंडाचा जंत, त्याची अळी तर ओल्या उबदार मातीत आठवड्याभरात तयार होते आणि थेट अनवाणी पायात शिरते. आमच्या सोसायटीत वाळूच्या खड्ड्यात खेळणाऱ्या एका मुलाच्या तळव्यावर लाल, वेडीवाकडी, दर दिवशी पुढे सरकणारी रेघ उठली, आईने गजकर्ण समजून दोन आठवडे मलम लावलं. मग मीटिंग, आरडाओरडा, "कुत्रे बंद करा." शेवटी कुत्र्या-मांजरांनी तिथे शी करू नये म्हणून खड्ड्यावर रात्री ताडपत्री टाकायची ठरलं. पहिल्या दिवशीच टाकली असती तर?

पिल्लाला पहिली गोळी थेट लसीच्या वेळी नको. राउंडवर्म आईच्या पोटातूनच येतात, हूकवर्म दुधातून, म्हणून वयाच्या 2 आठवड्यांपासून दर 2 आठवड्यांनी, 8 आठवड्यांपर्यंत, नंतर 6 महिन्यांपर्यंत दरमहा. औषध आणि डोस डॉक्टरांकडूनच घ्या. वजन अंदाजे सांगू नका. मी पिल्लाला घेऊन काट्यावर उभी राहते आणि माझं वजन वजा करते (तो आकडा कोणाला दाखवत नाही).

मुलाचं उरलेलं जंताचं औषध, अल्बेंडाझोल सिरप, कुत्र्याला देऊ नका.

कालची वाळलेली शी तपासायला नेऊ नका, ताजी न्या. एक रिपोर्ट क्लीन आला म्हणून नाचूही नका, टेपवर्म त्यात बरेचदा दिसत नाही आणि जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) एक दिवस दिसतो, एक दिवस नाही.

आणि लसूण खाऊ घातला की जंत मरतात, कोण सांगतं हे लोकांना? त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, जंत मात्र मजेत राहतात.