आधी हात, मग माउस

प्रॉडक्ट डिझाइन शिकायला आलेली मुलं हमखास विचारतात, "माउसमध्ये आता सुधारायला उरलंय काय?" मेकॅनिकलची पदवी घेऊन मी डिझाइनच्या मास्टर्सला आले तेव्हा मलाही असंच वाटायचं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला हा विषय घेतला तो आत्यामुळे. आत्या एका पतसंस्थेत हिशेब बघायची. दिवाळीला घरी गेले तर चकल्या पाडताना तिला सोऱ्या फिरवता येईना. मनगट धरून बसली. "दिवसभर माउस फिरवून फिरवून हात भरून येतो गं," म्हणाली.

मी लगेच आकाराच्या मागे लागले. तुम्हीही लागाल, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. सपाट माउस धरला की पंजा पालथा पडतो आणि कोपरापासून मनगटापर्यंत हाताला पीळ बसतो. हस्तांदोलनाला पुढे करतो तसा हात ठेवला की तो पीळ सुटतो. उभ्या माउसमागचं कारण हेच, आणि ते खरं आहे. मी शाडूत आकार काढला, तो फोममध्ये कोरला, स्वस्तातला एक माउस उघडून त्यातलं सर्किट आत बसवलं आणि सुट्टीत आत्याला नेऊन दिला. तिने हातात धरला, "छान बसतोय" म्हणाली. मग फाइल उघडायला दोनदा क्लिक केलं. फाइल उघडली नाही. पुन्हा केलं, तरी नाही. तिसऱ्यांदा फाइलच जागची सरकली.

त्या रात्री मी तिच्या हाताचा व्हिडिओ अगदी सावकाश लावून पुन्हा पुन्हा बघितला. आडव्या माउसवर बोट खाली दाबतं आणि तो जोर टेबल घेतं. उभ्या माउसवर बोट बाजूने ढकलतं, तो जोर अंगठ्याने परतवावा लागतो. अंगठा क्षणभर उशिरा आला की माउस सरकलाच. विंडोजमध्ये दोन क्लिक एकाच जागी झाले असं मानायला मूळ सेटिंगनुसार जेमतेम 4 पिक्सेलची चौकट असते. कर्सर त्याबाहेर गेला की ते दोन सुटे क्लिक ठरतात. आत्याला वाटत होतं आपल्यालाच जमत नाही. वयस्कर माणसं माउसवर चुकतात तेव्हा बहुतेक वेळा दोष स्वतःकडे घेतात. नव्या डिझायनरने हे मनावर कोरून ठेवावं, कारण "कसा वाटला?" असं विचारलं तर ही माणसं "छान आहे, माझाच हात बसला नाही" असंच सांगतात. प्रश्न कमी विचारा. बोटांकडे बघा.

माउस थोडा कलता केला, खटका हलका बसवला, बूड रुंद केलं. चुका कमी झाल्या. मी खूश होते. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "त्या जिथे काम करतात तिथे तू बसलीस का?"

नव्हते बसले. मग दोन दिवस पतसंस्थेत तिच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसले. कीबोर्ड सरकत्या कप्प्यात, आणि कप्पा कीबोर्डाच्याच रुंदीचा. माउसला तिथे जागाच नाही, म्हणून तो वर टेबलावर. टेबलावर काच. साध्या काचेवर ऑप्टिकल माउसला नीट दिसत नाही, म्हणून काचेवर पुठ्ठा. माउसच्या पोटातला सेन्सर खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला शेकडो-हजारो फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी पुढचा ताडून किती सरकलं ते ठरवतो. नितळ काचेत त्याला ताडायला खूणच सापडत नाही.

मी वहीत रेघा मारत होते. रक्कम टाकायला उजवा हात खाली नंबरपॅडवर, खातं निवडायला वर माउसवर, पुन्हा खाली. एका व्हाउचरमागे 6 फेऱ्या. वर असताना कोपर अधांतरी, खांदा उचललेला. दुखण्याचं निदान डॉक्टर करतील, पण ताण कुठे पडतोय ते मला डोळ्यांनी दिसत होतं. तो माउसच्या आकाराइतकाच या ये-जा करण्यात होता. माझा कोरीव माउस तिला मऊ लागला असता, पण एकही फेरी वाचवणार नव्हता.

इथे मला माउसचा इतिहास कामी आला. अमेरिकी अभियंते डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी 1964 मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये पहिला माउस बनवला. लाकडी ठोकळा, खाली एकमेकांशी काटकोनात दोन धातूची चाकं, वर एक बटण. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण 9 डिसेंबर 1968 ला सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी त्याचं जाहीर प्रात्यक्षिक दिलं, तेव्हा उजव्या हाताखाली माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचं छोटं यंत्र. पट्ट्या एकत्र दाबून त्यावर अक्षरं आणि आज्ञा देता यायच्या. दोन्ही हातांना आपापलं काम. बाजारात माउस आला, ते डाव्या हाताचं यंत्र मागे राहिलं, आणि उजव्या हातावर दोन्हीकडचा भार पडला. मला फार हळहळ वाटते त्याची.

आत्याचा उजवा हात नंबरपॅडवर पक्का होता. मग माउस डाव्या हातात का नको? उभा नमुना उजव्याच हाताचा, तो बाजूला ठेवला. नवा नमुना दोन्ही बाजूंनी सारखा, बुटका, कडेला बोटं रुतायला खोबण असलेला. सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल केली, फाइल एका क्लिकने उघडेल असं केलं, आणि सुताराकडून डावीकडे एक फळी मारून घेतली.

पुढे मोजायचं कसं, हे शिकायला वेळ द्या. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांचा 1954 चा नियम नीट समजून घ्या. लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. आज वापरतात त्या रूपात अंतराला रुंदीने भागायचं, 1 मिळवायचा आणि 2 च्या पायाने लॉगरिदम घ्यायचा. येतं ते त्या लक्ष्याच्या अवघडपणाचं माप, बिटमध्ये. 600 पिक्सेलवरचं 20 पिक्सेलचं बटण म्हणजे साधारण 4.95 बिट. तेच बटण 40 पिक्सेलचं केलं की 4 बिट. बटण तेवढंच ठेवून अंतर निम्मं केलं तरी 4 च. म्हणजे माउस सुधारायचा एक मार्ग पडद्यावरून जातो, हे विसरू नका. कार्ड, इंग्लिश आणि बर या संशोधकांनी 1978 मध्ये माउस, जॉयस्टिक आणि कीबोर्डच्या कळा यांची तुलना केली होती आणि त्यात माउस सरस ठरला होता. त्यातले इंग्लिश म्हणजे पहिला माउस बनवणारेच. चाचणीसाठी गोलात मांडलेली लक्ष्यं आळीपाळीने टिपायची पद्धत आयएसओ 9241 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 411 व्या भागात दिली आहे. ती वापरा, पण पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर निकाल देऊ नका. आत्याचा डावा हात पहिले चार दिवस अडखळत होता. तिसऱ्या आठवड्यात ती बोलता बोलता काम करायला लागली.

नमुने करताना वजन खरं ठेवा. नुसता फोमचा तुकडा हातात सगळ्यांनाच आवडतो, म्हणून आत नट-बोल्ट भरून खऱ्या माउसइतका जड करा. सेन्सर पुढे बोटांखाली आहे की मागे तळव्याखाली, याने मनगट फिरवल्यावर कर्सर किती जातो ते बदलतं. दोन्ही करून बघा. हातांची मापं परदेशी तक्त्यांतून उचलू नका. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने (एनआयडी) 1997 मध्ये भारतीय शरीरमापं प्रसिद्ध केली आहेत, तिथून सुरुवात करा आणि पट्टी घेऊन स्वतःही मोजा. आणि माउस न बघता धरला तरी पुढची बाजू कळली पाहिजे. ॲपलच्या 1998 च्या आयमॅक संगणकाबरोबर आलेला गोल माउस दिसायला देखणा होता, पण हाताला त्याचं तोंड सापडायचं नाही. 2000 मध्ये तो बदलला गेला.

प्रवेशाचं थोडक्यात. मास्टर्ससाठी सीईईडी आणि बारावीनंतर पदवीसाठी यूसीईईडी, दोन्ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते. पोर्टफोलिओत देखणी चित्रं असू द्या, पण फसलेला नमुनाही ठेवा आणि तो कुठे फसला ते लिहा. मला पुढे नोकरीच्या मुलाखतीत सर्वांत जास्त प्रश्न त्या उभ्या माउसवरच विचारले गेले.

एक युक्ती मात्र जरूर करा. नमुन्याला आधी पिवळा रंग द्या, तो वाळला की वर राखाडी. आत्याने नमुना महिनाभर वापरला, तेव्हा कडेचा राखाडी रंग घासून खालचा पिवळा दिसायला लागला होता. मी अंगठ्यासाठी कोरलेली खोबण जशीच्या तशी राखाडी होती. पिवळा डाग तिच्या 1 सेंटीमीटर मागे पडला होता. पुढच्या नमुन्यात मी खोबण त्या डागावर नेली.