कातणाऱ्यांसाठी लोकर रंगवून विकताना

माझी आजी टकळीवर कापूस कातायची. तिचा ‘पेळू’ हा शब्द मी इथे यॉर्कशायरमध्ये लोकरीच्या विंचरलेल्या लांब पट्ट्यालाही लावते. असे पेळू मी रंगवून विकते. कातणारी बाई ठेल्यावर येते, रंगाने थांबते, पण पैसे काढण्याआधी पेळूचं टोक चिमटीत धरून हलकेच ओढते. तंतू सुळकन सरकले तर घेते. अडकले तर परत ठेवते, रंग कितीही देखणा असो. म्हणून आधी ही ओढ सांभाळा.

सुरुवातीला ब्लूफेस्ड लेस्टर मेंढीची लोकर घ्या. तंतू लांब, चमकदार आणि रंगवताना चूक सोसणारे. मेरिनो मेंढीची लोकर मऊ असते, पण फार लवकर गठ्ठा धरते. पेळू कोमट पाण्यात अर्धा तास भिजू द्या. लोकरीसाठीचे आम्लरंग वापरा: 1 ग्रॅम पूड 100 मिली पाण्यात विरघळवली की 100 ग्रॅम पेळूला मध्यम गडद रंग येतो. पूड मोजताना मास्क हवाच आणि भांडी स्वयंपाकाची नकोत. रंगाच्या पाण्यात पेळू बुडवा, सायट्रिक आम्ल घालून आच हळूहळू वाढवा, खदखदू देऊ नका, ढवळू तर अजिबात नका. पाणी नितळ झालं की रंग लोकरीने ओढून घेतला. मग भांडं तसंच रात्रभर निवू द्या. मी एकदा घाईने गरम पेळू थेट गार नळाखाली धरले आणि सहाच्या सहा आखडले. त्यातला एक तरीही विकला. गिऱ्हाईक बाईंनी तो परत पाठवला, सोबत दोन ओळींची सौम्य चिठ्ठी. आता वाळल्यावर प्रत्येक पेळू टोकापासून थोडा ओढून बघते, मगच त्याची वेणी घालते.

रंगसंगतीत फसगत होते ती अशी. वेणीत जांभळा आणि पिवळा शेजारी फार खुलतात, पण कातताना ते एकमेकांत मिसळतात आणि दुपदरी सुतात मातकट दिसतात. त्यामुळे नव्या रंगाचे 10 ग्रॅम आधी मी स्वतः कातते, दुपदरी पिळते आणि ती छोटी लड वेणीशेजारी टांगते. ऑनलाइन विकतानाही दोन्हींचा फोटो टाका, खिडकीजवळ, ढगाळ दिवसाच्या उजेडात. विक्रीला सगळ्यात जास्त मदत या लडीची झाली आहे.

वेणीला लावायच्या चिठ्ठीवर मेंढीची जात, वजन, धुण्याची रीत आणि घाण्याचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या खेपेचा, क्रमांक लिहा. स्वेटरला पाच-सहा वेण्या लागतात आणि दोन घाण्यांचा निळा कधीच एक नसतो. कुणी दोनच वेण्या उचलल्या, तर काय विणणार हे विचारा. स्वेटर म्हणाल्या, तर त्याच घाण्यातल्या उरलेल्या वेण्या बाजूला काढून ठेवा.

किंमत ठरवताना पेळू, रंग, वीज, टपाल यांच्यात तुमचे तास धराच. घरच्या बाईचं काम म्हणून ते सोडून देऊ नका. शेजारी स्वस्त विकतो म्हणून मी भाव उतरवत नाही.

पार्सल बांधण्याआधी वेणीचा मधला भाग गालाला लावून बघा. गार लागला तर आत ओल आहे, आणखी एक दिवस वाळू द्या.