वाचलेलं पेपरात आठवत नसेल तर खुणा अशा लावा (एमपीएससीवाल्यांसाठी)

अभ्यासिकेत सकाळपासून रात्रीपर्यंत बसणाऱ्या पोरांची एक तक्रार सगळीकडे सारखीच असते, वाचताना सगळं येतं पण पेपरात आठवत नाही. मग ते ठरवून टाकतात की आपलं डोकंच चालत नाही, आणि हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा डोकं ठीकच असतं, गडबड खुणांची असते, म्हणजे आठवण करून देणाऱ्या इशाऱ्यांची. पुस्तक समोर असताना त्या पानावरचं हेडिंग, हायलाइटरचा पिवळा पट्टा, कोपऱ्यातला चौकोन हे सगळं तुम्हाला आतून मदत करत असतं आणि तुम्हाला वाटतं की आपल्याला येतंय. परीक्षेत ते पान नसतं, तिथे फक्त प्रश्न असतो, आणि त्या प्रश्नाशी तुम्ही ती माहिती कधी जोडलेलीच नसते.

टुलविंग आणि पर्लस्टोन ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये शाळेतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. मुलांना शब्दांच्या याद्या ऐकवल्या, त्यात प्रत्येक गटाचं नाव आणि मग त्या गटातले शब्द. नंतर काहींना कोरा कागद दिला आणि काहींना गटांची नावं लिहिलेला कागद दिला. गटांची नावं मिळालेल्यांना, विशेषतः 48 शब्दांच्या मोठ्या यादीत, कितीतरी जास्त शब्द आठवले. म्हणजे शब्द कोऱ्या कागदवाल्यांच्या डोक्यातही होते, फक्त बाहेर काढायला खूण नव्हती. आता राज्यसेवा मुख्य 2025 पासून वर्णनात्मक केलीये, म्हणजे चार पर्याय बघून "हां हेच ते" म्हणायची सोय गेली, त्यामुळे हा मुद्दा पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचा झालाय.

तर पहिलं काम, नोट्सचं हेडिंग बदला. "प्रार्थना समाज" असं हेडिंग टाकून खाली आठ ओळी उतरवू नका. वर प्रश्न लिहा, "प्रार्थना समाज आणि सत्यशोधक समाज ह्यांच्या कामात फरक काय?", उत्तर मागच्या पानावर लिहा, आणि रिव्हिजन करताना फक्त प्रश्न बघून रफ वहीत उत्तर लिहा, मगच पान उलटा. सुरुवातीला हे फार त्रासाचं वाटतं, दोन ओळी आठवतात आणि पुढे काहीच नाही, तरी करा. रोडिगर आणि कार्पिक ह्यांनी 2006 मध्ये हेच तपासलं, एका गटाने उतारा चार बैठकांत नुसता वाचला, दुसऱ्याने एका बैठकीत वाचून पुढच्या तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना साधारण 40 टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना 61 टक्के. त्या पहिल्या पाच मिनिटांतच आपण फसतो, वाचून झाल्या झाल्या सगळं ताजं असतं आणि आपण टॉपिकपुढे टिक करून मोकळे होतो.

दुसरी गोष्ट, एकाच खुणेवर खूप गोष्टी टांगू नका. प्रार्थना समाज 1867, सार्वजनिक सभा 1870, सत्यशोधक समाज 1873, आर्य समाज 1875, नुसत्या "समाज आणि सन" ह्या खुणेवर हे पाठ केलं तर पेपरात सगळ्यांची खिचडी होते. प्रत्येकाला त्याची स्वतःची, दुसऱ्या कुणाला न लागू होणारी खूण द्या. प्रार्थना समाजवाले आत्माराम पांडुरंग डॉक्टर होते, आणि 1883 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढणाऱ्यांमध्येही ते होते. एकदा हे डॉक्टर डोक्यात बसले की ते महात्मा फुल्यांशी किंवा दयानंद सरस्वतींशी मिसळणार नाहीत. सत्यशोधक समाजाची तारीख 24 सप्टेंबर 1873, आणि पुणे कराराची 24 सप्टेंबर 1932, ही जोडी लावली की एक तारीख दोन्हीकडे कामाला येते. पण जोडी दोघांचीच ठेवा, त्याच तारखेला आणखी पाच घटना जोडत बसलात तर परत तोच गोंधळ.

आणि उलट्या बाजूनेही विचारा. "भीमा नदीचा उगम कुठे" हे येतं म्हणून "भीमाशंकरला कुठली नदी उगम पावते" हे तितक्याच पटकन येईलच असं नाही. नदीवरून ठिकाण, ठिकाणावरून नदी, सनावरून घटना, घटनेवरून सन, दोन्हीकडून स्वतःला विचारायचं, पीवायक्यू (मागच्या वर्षांचे प्रश्न) सोडवताना तर हे हमखास करा.

जागेबद्दल खूप गैरसमज आहेत. गॉडन आणि बॅडली ह्यांचा 1975 चा डायव्हर्सचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो, पाण्याखाली शिकलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले वगैरे, आणि त्यावरून मुलं त्याच खुर्चीचा आग्रह धरतात. पण 2021 मध्ये तोच प्रयोग परत करून बघितला तेव्हा तसा फरक मिळाला नाही, त्यामुळे खुर्चीच्या नादी लागू नका. मला जास्त पटतो तो 1978 चा स्मिथ, ग्लेनबर्ग आणि बियॉर्क ह्यांचा प्रयोग, त्यात एकच यादी दोन वेगवेगळ्या खोल्यांत शिकलेल्यांना तिसऱ्या, नव्या खोलीत जास्त आठवलं. तुमचं सेंटर अनोळखी शाळेतच येणार आहे, बेंच छोटा, पंखा आवाज करणारा. म्हणून एक टॉपिक अभ्यासिकेत केला तर त्याची रिव्हिजन घरी, बागेत, एसटीत करा, आणि सराव पेपर मुद्दाम नव्या जागी द्या.

सवयीचंही तसंच. "उद्यापासून रोज रिव्हिजन" हे टिकत नाही कारण त्याला खूण नाही. "सकाळचा चहा संपला की कप ठेवायचा आणि कालचे पाच प्रश्न कोऱ्या पानावर लिहायचे" असं ठरवा, कधी आणि कुठे हे ठरलेलं असलं की काम सुरू होण्याची शक्यता बरीच वाढते, मानसशास्त्रज्ञ गॉलविट्झर ह्यांनी ह्यावर भरपूर काम केलंय. मोबाइलचं ह्याच्या बरोबर उलट, खूणच काढून टाका. सायलेंट करून टेबलावर पालथा ठेवला तरी तो दिसत राहतो, बॅगेत टाका आणि बॅग लॉकरमध्ये.

आता पेपरातलं. "खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे" ह्यातला "अ" निसटतो, कारण डोळा ओळखीचं वाक्य दिसलं की पुढचं स्वतःच भरून घेतो, मग पहिलंच बरोबर विधान दिसलं की गोल काळा. पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो, येणाऱ्या प्रश्नात हे झालं की फार लागतं. म्हणून योग्य, अयोग्य, नाही, फक्त, सर्व, ह्या शब्दांवर बोट ठेवून मनात मोठ्याने वाचायचं, सराव पेपरातसुद्धा, म्हणजे सवय लागते.

आणि एखादं उत्तर अगदी ओठावर येऊन अडलं तर तिथे ताणत बसू नका. अर्धा मिनिट एवढंच करा, तो टॉपिक कुठे बसून केला होता, शेजारी कोण होतं, त्याच्या आधी काय वाचलं होतं हे डोळ्यासमोर आणा. तरी नाही आलं तर प्रश्नावर खूण करून पुढे जा, पुढच्या एखाद्या प्रश्नातलं नाव किंवा सन मागच्याची आठवण करून देतं, शेवटची दहा मिनिटं त्या खुणा केलेल्या प्रश्नांसाठीच राखून ठेवा.