अमानीच्या जंगलात जायचंय? मग आधी सिंह-हत्ती डोक्यातून काढून टाका

टांझानिया म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर सेरेंगेटीच येतं, जीपचं छप्पर उघडून उभे राहिलेले टुरिस्ट आणि समोर सिंह. अमानी नेचर रिझर्व्हमध्ये यातलं काहीच नाही हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर नंतर तुम्ही मला शिव्या घालाल. इथं जीप सफारी नाही, सगळं पायी फिरायचं, आणि जे बघायचं ते बहुतेक तुमच्या बोटाएवढं असतं. पण एकदा का तशी नजर बसली की दोन दिवस कसे जातात कळत नाही.

जागा कुठे ते आधी. टांझानियाच्या ईशान्य कोपऱ्यात, टांगा शहराच्या मागे पूर्व उसांबारा डोंगर आहेत, त्यात हे जंगल. हिंदी महासागरावरून येणारा ओला वारा सरळ या डोंगरांवर आदळतो म्हणून पाऊस भरपूर आणि धुकं तर विचारूच नका. केनियातल्या टाइटा टेकड्यांपासून टांझानियातल्या उडझुंग्वापर्यंत अशा जुन्या डोंगरांची तुटक रांग आहे, तिला ईस्टर्न आर्क म्हणतात. दोन डोंगरांच्या मधे कोरडा सखल भाग, त्यामुळे प्रत्येक डोंगरावरचं जंगल लाखो वर्षं बेटासारखं एकटं राहिलं, आणि म्हणून इथले कितीतरी बेडूक, सरडे, झाडं दुसरीकडे कुठेच नाहीत. 1997 साली याला नेचर रिझर्व्हचा दर्जा मिळाला, टांझानियातलं हे पहिलंच, क्षेत्र साधारण 8,380 हेक्टर. अमानी म्हणजे स्वाहिलीत शांती, आणि नाव शोभतं, फक्त पहाटे हॉर्नबिल, म्हणजे धनेश पक्षी, उठेपर्यंत.

पोचायचं कसं: दार-एस-सलामहून टांगाची बस पकडा (2021 पासून मोठं स्टँड शहराबाहेर म्बेझीला गेलंय, तेव्हा तिथपर्यंत जायचा वेळ वेगळा धरा), आणि टांगापर्यंत न जाता अलीकडेच मुहेझाला उतरा. मोशी-अरुशाकडून येत असाल तर कोरोग्वे, सेगेरा करत त्याच मुहेझाला. मुहेझाहून वर जायला डालाडाला मिळते, म्हणजे तिकडची खचाखच भरलेली मिनीबस, पण दिवसभर चालू नसते, साधारण दुपारी वर जाते आणि पहाटे खाली येते, त्यामुळे मुहेझाला दुपारच्या आत पोचा. माझी अर्ध्या तासाने चुकली होती, मग बोडाबोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, आणि पाठीवर सॅक घेऊन कच्च्या घाटातून वर. गंमत वाटली पण कंबर दोन दिवस बोलत होती. स्वतःची गाडी घेत असाल तर फोर व्हील ड्राइव्हच घ्या, पावसात ती लाल माती साबणासारखी होते.

वाटेत सिगी लागतं, तिथेच रिझर्व्हचं गेट आणि माहिती केंद्र. इथे जर्मनांचं राज्य होतं त्या काळात इथपर्यंत छोटी रेल्वे यायची, ती कधीच गेली, पण स्टेशनमास्तरचं घर अजून उभं आहे. प्रवेश फी इथे भरायची आणि पावती सांभाळून ठेवायची, वर परत विचारतात. सरकारी पैसे तिकडे बऱ्याचदा कंट्रोल नंबर, म्हणजे त्या पेमेंटचा खास नंबर, काढून मोबाइलवरून भरावे लागतात, त्यात नेटवर्क रुसलं की बसा ताटकळत, म्हणून घाई ठेवू नका आणि थोडे टांझानियन शिलिंग रोख मुहेझालाच काढून घ्या, वर एटीएमची आशा धरू नका. गाइडसुद्धा इथेच ठरवा. गाइडवर पैसे वाचवायचा विचार असेल तर एकच सांगतो, गाइडशिवाय तुम्हाला नुसती हिरवी भिंत दिसेल.

कधी जायचं? मार्च ते मे मसिका, म्हणजे मोठा पाऊस, तेव्हा रस्ताच बंद पडू शकतो. ऑक्टोबर ते डिसेंबर वुली, छोटा पाऊस. जून ते सप्टेंबर थंड आणि त्यातल्या त्यात कोरडं, पहिल्यांदा जाणाऱ्याने तेव्हाच जावं. पण ज्यांना बेडूक आणि सरडेच बघायचेत त्यांनी थोडा पाऊस अंगावर घ्यायची तयारी ठेवा, कोरड्यात ते दडून बसतात.

राहायला सिगीला आणि वर अमानीला साधी रेस्ट हाउस आहेत. माझं मत, एक रात्र खाली एक रात्र वर. उंचीतला फरकच बघण्यासारखा आहे, सिगी साडेचारशे मीटरच्या आसपास, अमानी नऊशेच्या वर, आणि तेवढ्यात झाडं, पक्षी, हवा सगळं बदलतं. लोक दिवसभरासाठी येतात आणि संध्याकाळी परत जातात, त्यांना खरं तर काहीच दिसत नाही, कारण इथली खरी मजा अंधार पडल्यावर.

रात्री जेवण झालं की चांगला टॉर्च घ्या (मोबाइलचा नाही, मी मोबाइलचा घेऊन गेलो आणि पहिला तास फुकट गेला) आणि गाइडबरोबर निघा. सरडे म्हणजे कॅमेलिअन रात्री फांदीच्या अगदी टोकाला झोपतात आणि झोपेत रंग फिका पडतो, त्यामुळे टॉर्च पडला की पानांत पांढुरकं चमकतं. दिवसा जो तुम्ही नाकासमोर असून बघू शकला नसता तो रात्री लगेच सापडतो. तीन शिंगांचा उसांबारा कॅमेलिअन इथलाच, शिंगं फक्त नराला. आणि गुडघ्याच्या उंचीवर बघायला विसरू नका, तिथे काड्यांवर बुटके कॅमेलिअन असतात, वाळक्या पानासारखे दिसणारे, बोटाएवढे. एक छोटा टोड आहे, नेक्टोफ्रिनॉइडिस, त्याची मादी पाण्यात अंडी घालत नाही, सरळ पिल्लंच जन्माला घालते. ऐकून होतो, पण समोर पानावर बसलेला बघितल्यावर वेगळंच वाटतं. हात मात्र लावू नका, कॅमेलिअनला उचलून फोटो तर अजिबात नको, आणि फ्लॅश सारखा मारत बसू नका.

दिवसाचं बघायचं म्हणजे एक, आफ्रिकन व्हायोलेट. घराघरांत खिडकीत जी जांभळी मखमली फुलांची कुंडी असते तिचं मूळ गाव हे. 1892 मध्ये सेंट पॉल नावाच्या जर्मन अधिकाऱ्याने बिया वडिलांकडे जर्मनीला पाठवल्या, 1893 ला त्याच्याच नावावरून सेंटपॉलिया नाव पडलं. रानातली झाडं ओढ्याकाठच्या सावलीतल्या खडकांवर शेवाळात चिकटलेली असतात, कुंडीतल्यापेक्षा साधी आणि छोटी. एक रोप काढून नेऊ असं मनात आलं तरी तसं करू नका, रिझर्व्हमधून काहीही उचलायला बंदी आहे आणि रानात ती आधीच कमी उरलीत.

वर अमानीला 1902 पासून जर्मनांनी वनस्पती संशोधन केंद्र चालवलं, जगभरातून झाडं आणून लावली, सिंकोनासुद्धा, ज्याच्यापासून क्विनिन बनतं. आता गंमत बघा, आफ्रिकेतच पश्चिमेकडच्या जंगलांतून आणलेलं मेसॉप्सिस नावाचं झाड इथे एवढं माजलं की मूळ जंगलात घुसलं, आणि त्याच्या बिया पसरवतो कोण तर तो देखणा सिल्व्हरी-चीक्ड हॉर्नबिल, ज्याचा पंखांचा आवाज ऐकून आपण माना वर करून वा वा करतो. गाइडला मेसॉप्सिस दाखवायला सांगा, मग जुनं जंगल कुठलं आणि लावलेलं कुठलं ते तुमचं तुम्हालाच ओळखता येईल. चालायला म्बोमोले टेकडीची वाट चांगली, वरून चहाचे मळे आणि जंगल शेजारी शेजारी दिसतं. कोलोबस माकडं बहुतेक दिसतातच. शेबोमेझा गावात फुलपाखरांची शेती बघता येते, चालू आहे का ते गाइडला विचारून जा.

सामानात पूर्ण पँट आणि लांब मोजे हवेतच, पँट मोज्यात खोचायची, कारण सियाफू, म्हणजे कडकडून चावणाऱ्या मुंग्यांची रांग पायाखाली आली की लोक नाचतात, मी पण नाचलोय. रेनकोट कुठल्याही महिन्यात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधीच विचारून घ्या, सिगीला डास आहेत. यलो फीव्हरच्या देशातून येत असाल किंवा तिथे 12 तासांहून जास्त ट्रान्झिट असेल तर लसीचं कार्ड मागतात, लस निदान 10 दिवस आधी घेतलेली हवी. आणि प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा नेऊ नका, टांझानियात जून 2019 पासून बंद आहेत, एअरपोर्टवरच काढून ठेवायला लावतात.

भाषा घाबरण्यासारखी नाही, अर्धी ओळखीचीच वाटते, चहाला चाय, चपातीला चपाती, दुकानाला डुका, गाडीला गारी. न्देगे म्हणजे पक्षी पण आणि विमान पण, त्यामुळे गाइड न्देगे न्देगे ओरडला की नीट बघा. वयस्कर माणूस भेटला की शिकामो म्हणा, म्हणजे मोठ्यांना करायचा नमस्कार, ते उत्तराला मराहाबा म्हणतील, मग बोलणं सुरू होतं. वर गावात वेलची भरपूर पिकते, तिला इलिकी म्हणतात, चहात मागून घ्या. जेवण साधं, उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा किंवा भात आणि माहारागे म्हणजे बीन्स, रेस्ट हाउसला दुपारीच सांगून ठेवलं तर रात्री मिळतं, नाहीतर बिस्किटांवर झोपायचं.

परतीची डालाडाला पहाटे अंधारात सुटते, तेव्हा आदल्या रात्रीच ड्रायव्हरला किंवा कंडक्टरला शोधून सीट सांगून ठेवा आणि गजर लावा, हॉर्नबिलच्या भरवशावर राहू नका, तो गाडी गेल्यावर उठतो.