अबाया घेताना आणि वापरताना या चुका टाळा

आखाती देशांतल्या बायका घराबाहेर पडताना अंगातल्या कपड्यांवरून अबाया चढवतात. खांद्यापासून पायापर्यंत सैल, बहुतेक वेळा काळा. सैलच तर आहे, कुठलाही चालेल, असं म्हणून उचलला की दोन दिवसांत तक्रारी सुरू होतात.

सगळ्यात जास्त फसगत उंचीत होते. लेबलवरचा ५२, ५४ किंवा ५६ हा आकडा छातीचा नव्हे. बहुतेक ठिकाणी ती खांद्यापासून खालच्या काठापर्यंतची इंचांतली लांबी असते. माप घेताना पायात रोजची चप्पल हवी. टेप मानेलगतच्या खांद्यावरून सरळ खाली सोडा आणि काठ जमिनीपासून इंचभर वर राहील असा अबाया निवडा. लोळणारा काठ मळतो, ते एकवेळ चालेल. पण सरकत्या जिन्यावर तो कडेच्या फटीत ओढला जातो आणि बाई पडते. जिन्यावर पाय ठेवण्याआधी पुढचा आणि बाजूचा घेर एका हाताने उचलून धरा. गाडीत बसल्यावरही काठ आत घेतल्याशिवाय दार लावू नका. डोक्यावरून घ्यायचा अबाया असेल, तर खांद्याचं माप उपयोगाचं नाही, डोक्यापासून मोजा.

कापड नुसतं हाताला मऊ लागलं म्हणून घेऊ नका, खिडकीच्या उजेडासमोर धरून पाहा. निदा आणि क्रेप ही कापडं सहसा अंग झाकतात. शिफॉनला अस्तर लागतंच. एसीच्या कोरड्या हवेत पॉलिएस्टरचा अबाया पायांना चिकटत असेल, तर आत सुती स्लिप घाला किंवा आतल्या बाजूने धातूचा हँगर फिरवा. समोरून उघडा असेल, तर दोन टिचबटणं जास्तीची लावून घ्या. रुंद बाह्या घालून शेगडीपाशी मात्र अजिबात जाऊ नका. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं.

काळा रंग पांढुरका दिसायला लागला की दोष कापडाला दिला जातो. बऱ्याचदा कारण असतं न विरघळलेली साबणपूड, गरम पाणी आणि कडक ऊन. अबाया उलटा करून, थंड पाण्यात, द्रव साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. आखातात यासाठी खास अबाया शाम्पू मिळतो. इस्त्री मंद, उलट बाजूने, वर सुती फडकं टाकून. नाहीतर कापडावर चकाकणारे डाग पडतात. खडे चिकटवलेले असतील तिथे इस्त्री फिरवूच नका, गोंद सुटतो. बखूरचा, म्हणजे सुगंधी धूपाचा, धूर देताना निखाऱ्यापासून अंतर ठेवा, एका ठिणगीने भोक पडतं.

प्रवासाला निघणाऱ्या बायका कधीकधी घाईने नको असलेला अबाया घेतात. सौदी अरेबियाने २०१९ मध्ये पर्यटक व्हिसा सुरू केला, तेव्हाच परदेशी महिलांना अबाया सक्तीचा नाही, अंग झाकणारे सैल कपडे पुरेत, असं सांगितलं. अबू धाबीच्या शेख झायेद मशिदीत मात्र बायकांना केस झाकावेच लागतात. तिथे जाताना घोट्यापर्यंतचा सैल कपडा आणि एक शेला जवळ ठेवा.