हापूस थेट विकणाऱ्या बागायतदाराच्या संकेतस्थळाचे मुखपृष्ठ कसे बांधावे

डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) घेतलेले आहे, वर्डप्रेस (पाने बनवण्याची प्रणाली) बसवलेले आहे आणि बागेचे स्वतः काढलेले फोटो हाताशी आहेत, असे येथे गृहीत धरले आहे. उदाहरणासाठी देवगडचा असा बागायतदार घेऊ, जो वाशीच्या घाऊक बाजारात पेट्या पाठवण्याबरोबरच काही माल थेट गिऱ्हाइकाला विकू पाहतो.

आधी मुखपृष्ठाचे काम ठरवा. ते एकच आहे: मागणी नोंदवून घेणे. आजोबांनी लावलेली कलमे आणि मिळालेली बक्षिसे ‘आमच्याविषयी’ या पानावर न्यावीत.

यापुढचा टप्पा अवघड असून मलाही तो दीर्घकाळ चकवत आला. मोबाइलवर पान उघडताच, बोट न सरकवता जेवढा भाग दिसतो, त्यात काय लिहावे? बहुतेक जण तेथे ‘आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत’ असे लिहितात आणि खाली ‘गुणवत्ता हाच आमचा ध्यास’ अशी जोड देतात. ही दोन्ही वाक्ये सिमेंटच्या दुकानालाही तितकीच शोभतील, म्हणून ती बिनदिक्कत काढून टाकावीत. त्याऐवजी फोन करणारी माणसे सर्वांत आधी काय विचारतात, ते आठवा: आंबा कुठला, कसा पिकवला, पेटीत किती फळे, भाव काय, आणि आमच्याकडे पोहोचवता का. या प्रश्नांची उत्तरे हाच पहिल्या पडद्यावरचा मजकूर. ‘आमच्या देवगडच्या बागेतला हापूस, पेंढ्याच्या आढीत पिकवलेला. मुंबई, ठाणे आणि पुण्यात घरपोच.’ एवढे पुरते. विशेषणाची गरज नाही.

त्याखाली फळाचे वजन, पेटीतील डझन आणि भाव. येथे हमखास वाद होतो. मार्चमधला भाव मेमध्ये राहत नाही, म्हणून ‘भावासाठी संपर्क साधा’ असे लिहावे, हा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मला साफ अमान्य आहे. भाव लपवला की गिऱ्हाईक तो अव्वाच्या सव्वा असणार असे धरून चालते. भाव द्यावा आणि शेजारी तारीख द्यावी. मात्र त्यासाठी भावाची ओळ साधा मजकूर म्हणून असायला हवी. पान करून देणारे लोक ती सुबक अक्षरांत चित्रामध्येच कोरून देतात. मग भाव उतरला की बागेत उभ्या असलेल्या मालकाला तो बदलता येत नाही आणि जुनाच आकडा आठवडाभर झळकत राहतो. पान ताब्यात घेण्यापूर्वी स्वतःच्या मोबाइलवरून भाव बदलून पाहा, आणि तो जमला नाही तर पान परत करा.

बटण एकच ठेवावे आणि त्यावर ‘अधिक जाणून घ्या’ असे मोघम न लिहिता ‘व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी नोंदवा’ असे लिहावे. व्हॉट्सअ‍ॅपच्या दुव्यात संदेश आधीच भरून ठेवता येतो. त्यात ‘पेट्या: … पिनकोड: …’ अशा मोकळ्या जागा सोडल्या, तर निम्मी विचारपूस वाचते.

फिरत्या चित्रांची पट्टी लावू नका. तिसरे चित्र येईपर्यंत कोणी थांबत नाही, आणि त्या सगळ्या चित्रांचा भार पानावर मात्र पडतो. आढीत मांडलेल्या फळांचा एक फोटो पुरे. तोही आपलाच असावा, कारण परदेशी चित्रसंग्रहातला लालबुंद आंबा हापूस नव्हे, हे कोणालाही पाहताक्षणी कळते.

विश्वासाची माहिती दुसऱ्या पडद्यावर. कोकणातील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव वापरू देणारी नोंदणी) मिळाले असून त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. आपण या मानांकनाचे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेले असाल, तर नोंदणी क्रमांक छापा. नसाल, तर मानांकनाचे चिन्ह लावू नका. ‘कार्बाइडमुक्त’ हे बिरुदही मला खटकते. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्यानेच बंदी आहे; कायदा पाळल्याची फुशारकी मारण्यापेक्षा आढी किती दिवस ठेवता आणि फळ कोणत्या अवस्थेत पाठवता, हे दोन ओळींत सांगणे अधिक उपयोगी.

फोटो वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात लहान करा. पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, हा गूगलचा निकष आहे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, असावा.

राहिला हंगामाबाहेरचा काळ. जूनमध्ये भावाची ओळ उतरवा, नाहीतर पावसाळ्यातही मागण्या येत राहतील. आमरसाचे डबे, आंबापोळी किंवा कोकमाचे आगळ विकत असाल, तर त्या जागी तेच लावा. काहीच नसेल, तर बटण तसेच ठेवून त्यातला संदेश ‘पुढच्या हंगामात कळवा’ असा करा आणि आलेले क्रमांक फेब्रुवारीपर्यंत जपून ठेवा.