कस्टम्समध्ये अडकलेले पार्सल कसे सुटले : माझा अनुभव

जपानहून मागवलेली दुर्बिणीची नेत्रिका (डोळा लावून पाहायचे भिंग) मुंबईत पोहोचली, पण ऐरोलीच्या घरी येईना. ट्रॅकिंगवर अकरा दिवस ‘सीमाशुल्क तपासणी प्रलंबित’ एवढीच नोंद दिसत होती. कुरिअरच्या हेल्पलाइनला चार वेळा फोन केला आणि आधार कार्ड दोनदा पाठवले, तरी काहीही हलले नाही. ते दिवस फार मनस्तापाचे गेले.

अखेर विक्रेत्याकडून पार्सलवरील घोषणापत्राची प्रत मागवली, तेव्हा दोष सापडला: त्याने वस्तूचे वर्णन ‘भेट’ असे करून किंमत नाममात्र लिहिली होती. क्ष-किरण तपासणीत आतली वस्तू आणि कागदावरचे वर्णन जुळले नाही, तर अधिकारी पार्सल उघडून पाहू शकतात आणि किमतीचा पुरावा मागू शकतात. शिवाय डिसेंबर 2019 पासून भेटवस्तूंची शुल्कमाफी राखीसारखे मोजके अपवाद सोडता उरलेली नाही, त्यामुळे त्या शब्दाचा उपयोग शून्य होता.

मग मी प्रथम विक्रेत्याकडून वस्तूचे नेमके नाव, खरी किंमत आणि वाहतूक खर्च वेगळा दाखवणारे सुधारित बिल घेतले. त्यानंतर तीच रक्कम दाखवणारा बँकेचा उतारा काढला. आधारवर जुना ठाण्याचा पत्ता असल्याने ऐरोलीचे वीजबिल जोडले, कारण ओळखपत्र आणि पार्सलवरचा पत्ता यांतील तफावत हे अडवणुकीचे दुसरे कारण होते. सर्व कागद एकाच पीडीएफमध्ये, विषयात ट्रॅकिंग क्रमांक लिहून, कुरिअरच्या क्लिअरन्स विभागाला पाठवले. दोन दिवसांनी शुल्काची मागणी आली. ते ऑनलाइन भरल्यावर तिसऱ्या दिवशी पार्सल घरी पोहोचले.